केमिस्ट्री, नगरचं कॉलेज आणि आमच्या बोअरचं पाणी

नगरला बी.एस्सी.ला नंबर लागला तेव्हा आजीने एकच विचारलं, "ते किरिस्तावाचं कॉलेज हाये म्हने. तुले तठी बाटवतीन तं?"

आम्ही रावेर तालुक्यातले, केळीवाले. अण्णांनी चौकशी केली होती. अहमदनगर कॉलेज १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलं, आणि तिथे सगळ्या जातीधर्माची पोरं शिकतात, एवढं कळल्यावर त्यांनी भुसावळ-मनमाडमार्गे मला पोचवलं. तीन वर्षांत माझ्या देवाधर्माबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका मैत्रिणीच्या घरून नाताळचा फराळ यायचा. त्यातल्या करंज्या-शंकरपाळे आमच्या दिवाळीसारखेच लागायचे, हे आजीला मी मुद्दाम सांगितलं.

खरी अडचण प्रॅक्टिकलची होती. बारावीपर्यंत मी ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली तोटीवाली काचेची नळी, हातात धरलीच नव्हती. जिथे शिकले तिथे जर्नल एकमेकींचं उतरवून घ्यायचो आणि सही मिळायची. शब्दही अडायचे. शाळेत 'क्षपण' शिकलेली मी, सर 'रिडक्शन' म्हणाले की काहीतरी कमी झालं एवढंच समजायचे. मग वहीच्या डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायला लागले. ती वही अजून आहे.

पहिल्या सेमिस्टरला ऑक्झॅलिक ॲसिड आणि कॉस्टिक सोड्याचं टायट्रेशन होतं, म्हणजे रंग बदलेपर्यंत एकात दुसरं थेंब-थेंब सोडून किती मिली लागलं ते मोजायचं. त्यात टाकलेल्या फिनॉल्फ्थॅलिनचा रंग अगदी फिका गुलाबी झाला की थांबायचं. माझा दरवेळी राणी रंग व्हायचा. तास संपत आला, घाबरून मी तीन रकान्यांत १०.२, १०.२, १०.२ लिहून टाकलं. मॅडमनी वही पाहिली, मग फ्लास्क पाहिला. रागावल्या नाहीत. "खोडून टाक आणि परत घे," एवढंच म्हणाल्या आणि लॅब बंद व्हायची वेळ टळून गेली तरी माझ्याजवळ उभ्या राहिल्या. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचं, हे त्या संध्याकाळी हाताला कळलं.

पुढे पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं प्रॅक्टिकल आलं. मी मॅडमना सांगितलं की आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, आजी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवते. "मग आण की ते पाणी," त्या म्हणाल्या. दिवाळीहून येताना दोन बाटल्या भरून आणल्या.

पन्नास मिली पाणी, अमोनियाचं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगाची चिमूट. लालसर जांभळं झालेलं पाणी ब्युरेटमधून ईडीटीए नावाचं रसायन सोडत गेलं की शेवटी निळं होतं, कारण रंगाला धरून बसलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए ओढून घेतं. नळाचं पाणी ९.६ मिलीला निळं झालं. बोअरचं होईचना. ३१.३, ३१.५, ३१.४. तिन्ही वेगळी रीडिंग मी तशीच लिहिली. म्हणजे कठीणता लिटरला सुमारे ६२८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २०० आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६००. कॅल्शियम डाळीच्या पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती गळत नाही. आजी चिमूटभर सोडा टाकायची तेही बरोबरच होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अण्णा ठिबकला ॲसिड द्यायच्या तयारीत होते. याच पाण्याने नळ्या चोंदतात. ते टबात आधी ॲसिड घेऊन वरून पाणी ओतायला निघाले आणि मी ओरडलेच. "अण्णा, आधी पाणी! ॲसिड पाण्यात सोडायचं, हळूहळू." त्यांनी पाहिलं, काही न बोलता टब माझ्याकडे सरकवला. जळगावहून आणलेला, पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा पीएच पेपर मी काढला, दहा लिटर पाणी मोजून घेतलं आणि सिरिंजने एकेक मिली ॲसिड सोडत गेले. सामू, म्हणजे पीएच, चारच्या आसपास यायला आठ मिली लागलं.

अण्णांनी बांधावर बसून बोटांवर हिशेब केला. आजवर ते याच्या दुप्पट ओतत होते.