नळीच्या वाटेने तारामतीवर

हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या बेलपाड्यातून पहाटे गडाचा कोकणकडा दिसत नाही, पण तो आहे हे कळतं. आभाळभर चांदण्या असतात आणि एका ठिकाणी त्या एकदम संपतात. डिसेंबरचा तिसरा आठवडा, साडेचारची वेळ. आमचे वाटाडे असलेल्या मामांच्या अंगणात काळा चहा घेऊन आम्ही पाच जण हेडटॉर्चच्या उजेडात निघालो.

हरिश्चंद्रगडावर मी खिरेश्वरहून टोलार खिंडीने गेले आहे, पाचनईहूनही गेले आहे. तिथे पाय चालतात. नळीच्या वाटेने, म्हणजे बेलपाड्याकडून वर जाणाऱ्या अरुंद घळीतून, हात चालवावे लागतात, म्हणून ती मला कित्येक वर्षं खुणावत होती. पावसाळ्यात या घळीतून पाणी आणि धोंडे दोन्ही खाली येतात, नंतरही बरेच दिवस दगडांवर शेवाळ असतं. फेब्रुवारी उलटला की कातळ तापतो आणि पाण्याचा थेंब मिळत नाही. उरतात डिसेंबर, जानेवारी आणि फार तर फेब्रुवारी.

तासभर रानातून चालल्यावर ओढ्याचं कोरडं पात्र लागलं आणि मग नळी. दोन्ही बाजूंना भिंती, मध्ये म्हशीएवढे, काही ठिकाणी खोलीएवढे धोंडे. एकावर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुढच्याच्या कपारीत बोटं घालायची. नळीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे अकरा वाजले तरी आत ऊन नव्हतं. कातळ इतका गार, की बोटांना खोबणीची कड कळेना. मी थांबून हात काखेत धरायचे आणि पुन्हा दगडाला लावायचे.

मामांची पद्धत मी तिथेच शिकले. कुठलाही होल्ड, म्हणजे हाताने धरायचा दगड किंवा खोबण, धरण्याआधी ते त्यावर तळहाताने थाप मारत.

“ताई, आवाज ऐका. भरीव आला तर भार टाका. पोकळ आला तर त्याला हात लावू नका.”

पहिले काही दगड मला सारखेच वाजले. दोन तासांनी फरक कळायला लागला. नंतर तर डोळ्यांपेक्षा त्या आवाजावरच माझा भरवसा बसला.

सह्याद्रीचा हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर, काही कठीण, काही ठिसूळ. पुस्तकात वाचलेलं हे नळीत अंगाला कळतं. कठीण थर आला की उभ्या कातळाचा टप्पा, म्हणजे रॉक पॅच, तो संपला की ठिसूळ थराचा घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा उतार, आणि पुन्हा पॅच. मला पॅचची धास्ती होती. प्रत्यक्षात तिथे दगड पक्का होता, मामांनी वरून दोर टाकला होता, आणि खोबण्याही हव्या तिथे मिळत होत्या. अंग चोरून जावं लागलं ते घसाऱ्यावर. दुसऱ्या पॅचनंतर आमच्यातल्या एकाच्या पायाखालून नारळाएवढा धोंडा सुटला. “दगड!” अशी आरोळी ऐकू आली आणि मामांनी मला खांद्याला धरून भिंतीशी दाबलं. धोंडा समोरच्या कातळावर फुटला. कितीतरी वेळ तुकड्यांचा खळखळाट खाली खाली जात राहिला. अशा चिंचोळ्या घळीत चाळीस-पन्नास जणांना एकदम नेतात, ते मला साफ चूक वाटतं. वरच्याचं पाऊल चुकलं तर खालच्याला पळायला जागाच नसते.

शेवटच्या पॅचवर आडवं जायचं होतं. पायाखाली दीड वीत रुंद कड, त्याखाली सगळी नळी. दृष्टिभय काय असतं ते तिथे समजलं. मी खाली पाहिलं नाही. थाप, आवाज, हात, पाय. पुन्हा थाप. पलीकडे पोहोचले तेव्हा गवताचा वास आला, आणि सकाळपासून पहिल्यांदा अंगावर ऊन पडलं.

सुमारे १,००० मीटर चढून पठारावर आलो तेव्हा दीड वाजला होता. कड्यापाशी सॅक टाकल्या आणि देवळाजवळच्या झापात, म्हणजे झोपडीत, पिठलं-भाकरी खाल्ली. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात पाय घातला आणि लगेच काढला. मग लेण्यांमागून तारामतीकडे निघालो. वरचा टप्पा पुन्हा कातळाचा. सवयीने मी तिथेही थाप मारत होते, मामा मागे वळून हसले.

तारामती हे गडाचं सर्वात उंच शिखर, १,४०० मीटरच्या वर. उत्तरेला कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगची ओळ, रतनगड. दक्षिणेला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी चांदीच्या पत्र्यासारखं. वारा इतका होता की बोलणं ऐकू येईना. कोणाला बोलायचंही नव्हतं. सूर्य कोकणात उतरेपर्यंत आम्ही दगडाच्या आडोशाला बसून होतो.

अंधार पडता पडता कड्यावर परतलो. वाटीसारख्या आत वळलेल्या त्या कड्याच्या काठाशी मी पोटावर झोपून खाली पाहिलं. सगळा काळोख. मामांनी मोबाइल काढून घरी फोन लावला आणि एवढंच म्हणाले, “अंगणात ये. बॅटरी लाव.”

खूप खाली एक ठिपका उजळला, विझला, पुन्हा उजळला. मामांनी आपला टॉर्च त्या दिशेला धरला आणि तीनदा उघडझाप केली.