मनगटाचं फ्रॅक्चर आणि प्लास्टर निघाल्यानंतरचं खरं काम : माझा अनुभव

प्लास्टर निघालं की हात मोकळा, असं मला भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सांगून गेला, आणि फिजिओ मॅडमनी आधीच बजावलं नसतं तर मीही तेच धरून बसले असते. म्हणून हे लिहितेय. मनगट मोडलेल्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, पन्नाशीच्या पुढच्या तर विचारूच नका, आणि त्यातल्या कितीतरी जणींचं हाड व्यवस्थित जुळूनसुद्धा हात कायमचा आखडलेला मी बघितलाय. माझ्या मावशीला अजून पिळून कपडे वाळत घालता येत नाहीत. तिचं हाड केव्हाच जुळलंय.

मी सांगलीत राहते, वय ५३, घरीच ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गेल्या जुलैमध्ये जिन्याखालच्या फरशीवर पावसाचं पाणी आलेलं, पाय सटकला आणि पडताना सगळेच करतात तसा उजवा हात पुढे टेकला. कुठे खरचटलंसुद्धा नाही, रक्ताचा थेंब नाही. शेजारच्या काकू धावत आल्या, म्हणाल्या अगं बोटं हलतायत ना, मग मोड नाही, मुरगळलंय, हळद-मीठ गरम करून लाव. हे मी मुद्दाम लिहितेय कारण हा समज फार पक्का बसलाय लोकांच्या डोक्यात. बोटं हलवणारे स्नायू असतात कोपराखाली, त्यांच्या दोऱ्या मनगटावरून बोटांपर्यंत जातात, त्यामुळे मनगटाचं हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात. कातडी शाबूत असली म्हणजे हाडही शाबूत असं नसतं. माझा हात तर बाजूने बघितला की जेवायच्या काट्यासारखा दिसत होता, मनगटाच्या मागे उंचवटा आणि पुढे खोलगट. डॉक्टर नंतर म्हणाले की हा आकार बघूनच कळतं, कॉलीज फ्रॅक्चर म्हणतात ह्याला, आयर्लंडच्या अब्राहम कॉलीज नावाच्या सर्जननी १८१४ साली लिहून ठेवलंय, तेव्हा एक्स-रे निघायलाच अजून ऐंशीएक वर्षं होती.

ह्यांनी एक काम फार चांगलं केलं. दवाखान्यात निघायच्या आधीच साबण लावून अंगठी काढली आणि बांगड्या वाढवल्या. सासूबाईंना ते जरा लागलं, पण तासाभरात हात एवढा सुजला की अंगठी कापावीच लागली असती. कुणाचाही हात मोडला तर आधी हातातलं काढा, बाकी सगळं नंतर.

एक्स-रेमध्ये दिसलं की मनगटाजवळ रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड, मोडून मागच्या बाजूला सरकलंय, पण सांध्याच्या आत चीर गेलेली नाही. डॉक्टरांनी नीट समजावलं, ताई, सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले असते किंवा हाड बसवून टिकणारं नसतं तर तारा किंवा प्लेट घालावी लागली असती, तुमचं आधी बाहेरून ओढून बसवून बघू. मोडलेल्या जागीच भुलीचं इंजेक्शन दिलं. टोचताना दुखलं, पण दहा मिनिटांत तो भाग बधिर झाला. मग एकाने कोपराच्या वर दंड धरला, डॉक्टरांनी बोटं धरून सावकाश ताण दिला आणि मनगट दाबून जागेवर आणलं. आतमध्ये काहीतरी सरकल्याचं मला कळलं, दुखणं मात्र मी घाबरले होते त्या मानाने कमी. लगेच स्लॅब लावला, म्हणजे अर्ध्या बाजूला प्लास्टर आणि वरून बँडेज. पूर्ण गोल प्लास्टर पहिल्या दिवशी घालत नाहीत कारण सूज अजून वाढायची असते आणि तिला जागा लागते.

पहिली रात्र सगळ्यात वाईट. हात उशांवर उंच ठेवायचा, बोटं छातीपेक्षा वर, हे सांगितलेलंच होतं. पण रात्री दुखणं गोळी घेऊनही वाढतच गेलं, अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट ह्यांना मुंग्या यायला लागल्या आणि बोटं दुसऱ्या हाताने जरा सरळ केली तरी कळ डोक्यात जायची. ह्यांनी फोन केला, डॉक्टर म्हणाले सकाळची वाट बघू नका, आत्ताच या. तिथे गेल्यावर बँडेज आणि आतला कापूस, दोन्ही पार कातडीपर्यंत कापून सैल केलं आणि अर्ध्या तासात मुंग्या कमी झाल्या. प्लास्टरमधली बोटं निळी-पांढरी पडली, गार पडली, बधिर झाली किंवा हलवताना असह्य दुखायला लागलं तर रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठायचा. आत दाब वाढला तर स्नायू काही तासांत मरायला लागतात, आणि ते मग परत येत नाहीत. एवढी एकच गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली तरी माझं हे लिहिणं कामी आलं असं मी समजेन.

ह्याच कारणासाठी बांबूच्या कामट्या घट्ट बांधणाऱ्यांकडे जाऊ नका असं मी हात जोडून सांगते. मलाही दोघातिघांनी गावं सुचवली, अमुक ठिकाणी हाड बसवतात, तेल लावून मालिश करतात. ताज्या मोडीवर मालिश म्हणजे बसवलेलं हाड परत हलवणं. एक बाई कांडवेल, म्हणजे मोडलेल्या हाडावर लेप लावतात ती वेल, घेऊन आल्या, प्रेमाने आणलेली, मी ठेवून घेतली आणि डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले प्लास्टरच्या आत काहीही घालायचं नाही, लेप नाही, तेल नाही, पावडरही नाही.

साधारण आठवड्याने सूज उतरली तेव्हा परत एक्स-रे काढला आणि गोल प्लास्टर घातलं, फायबरचं, जरा महाग पडलं पण हलकं. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत एक्स-रे. माझ्या नणंदेने विचारलं एवढे एक्स-रे कशाला, पैसे काढतात. तसं नाहीये. बसवलेलं हाड घसरायचं असेल तर ते बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत घसरतं, तोपर्यंत परत नीट करता येतं किंवा तारा घालता येतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळून उपयोग नसतो कारण तोवर ते वाकडंच जुळायला लागलेलं असतं. त्यामुळे दुखत नाही म्हणून हे एक्स-रे चुकवू नका.

आता मुख्य मुद्दा. त्याच भेटीत मला फिजिओ मॅडमकडे पाठवलं. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मला वाटलं प्लास्टरमध्ये असताना फिजिओथेरपी कसली. त्या म्हणाल्या, काकू, प्लास्टरमध्ये फक्त मनगट आहे, बोटं, कोपर आणि खांदा मोकळा आहे, हे तिन्ही आखडले तर मनगट बरं होऊन काय करणार? मग शिकवलं. बोटं पूर्ण सरळ, मग फक्त वरची पेरं दुमडायची आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, मग बोटं फाकवायची, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला आणि शेवटी करंगळीच्या मुळाशी न्यायचा. जागेपणी दर तासाला. कोपर दुमडा-उघडा. आणि हात डोक्यावर पूर्ण वर, दिवसातून बऱ्याच वेळा. गळ्यातला पाउच दिवसभर अडकवून ठेवू नका असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं, कारण त्यात हात पोटाशी धरून धरून खांदा जाम होतो, आणि मग मनगटापेक्षा खांद्याचं दुखणं जास्त महिने पुरतं. माझ्या मावशीचं अगदी हेच झालेलं.

दुखतं का? हो, दुखतं. पहिले काही दिवस मूठ अर्धीसुद्धा वळत नव्हती, बोटं सुजून चकचकीत झालेली. पण सूज उतरवायला बोटं हलवण्यासारखा उपाय नाही, स्नायू आवळले-सोडले की साठलेलं पाणी वर ढकललं जातं. मी शिवणाची मशीन समोर ठेवून बसायचे, शिवता येत नव्हतं पण घड्याळात तास झाला की व्यायाम. मुलगी डाव्या हाताने कापड धरून देई, मी नुसतं सांगायचे, असं करून दसऱ्याच्या काही ऑर्डरी निघाल्यासुद्धा.

दीड महिन्याने प्लास्टर कापलं. ती करवत आवाज फार करते पण तिचं पातं गोल फिरत नाही, नुसतं थरथरतं, त्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि मऊ कातडी सहसा नाही. आतला हात बघून मात्र मला रडूच आलं. बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे, केस वाढलेले, आणि मनगट सिमेंटमध्ये घातल्यासारखं, वर नाही, खाली नाही. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले छान जुळलंय. मला त्या क्षणी ते पटेना. हाडाच्या मोडीभोवती आधी रक्त साठतं, दोनतीन आठवड्यांत तिथे मऊ गोळा धरतो, मग तो कडक होतो, आणि त्यानंतर वर्षभर किंवा जास्त काळ शरीर तो गोळा घासून-पुसून मूळ आकारात आणत असतं, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा जरा धीर आला. जुळलंय म्हणजे पूर्ण ताकदीचं झालंय असं नाही. बादली, कुकर, सिलेंडर ह्यातलं काही अजून उचलायचं नाही, पण हलवायचं मात्र रोज.

पुढचे तीन महिने म्हणजे खरी ट्रीटमेंट. सुरुवातीला मेणाचा शेक, वितळलेल्या कोमट मेणात हात बुडवून काढायचा, थर बसू द्यायचा, गुंडाळून ठेवायचा, मग हात जरा सैल पडतो आणि लगेच व्यायाम करायचा. नुसता शेक घेऊन घरी जाणारे बरेच बघितले मी तिथे. शेक फक्त तयारी आहे. घरी मी कोमट पाण्याच्या पातेल्यात हात ठेवून करायचे.

मनगट मागे वळायला नमस्कार. दोन्ही तळवे जोडायचे छातीशी आणि तळवे न सोडता हात खाली खाली न्यायचे, कोपरं बाहेर. माझे तळवे पहिल्यांदा जुळतच नव्हते, देवासमोर उभी राहून नीट नमस्कार करता येत नाही ह्याचं वाईट वाटलं मला खूप. आणि सगळ्यात उशिरा आलं ते तळहात आकाशाकडे करणं. तीर्थ घ्यायला हात पुढे केला की ओंजळ तिरकीच राहायची आणि पाणी खाली. दुकानदार सुट्टे पैसे द्यायचा तेही घेता येत नव्हते. ह्याच्यासाठी कोपर कमरेला चिकटवून, हातात लाटणं मधोमध धरून सावकाश दोन्हीकडे फिरवायचं, कोपर सुटलं की खांदा फसवतो आणि वाटतं हात वळला. लाटण्याच्या टोकाकडे धरलं की वजन वाढतं, तसं हळूहळू सरकवत न्यायचं. ताकदीसाठी स्पंजचा बॉल, नंतर घट्ट मळलेली कणीक दाबणं.

माझी खरी परीक्षा कात्री होती. जाड अस्तर कापताना अंगठ्याची ताकद लागते. फिजिओ मॅडम दर वेळी अंगठ्याचं टोक वर उचलायला सांगायच्या, टेबलावर तळवा सपाट ठेवून. एकदा विचारलं तर म्हणाल्या, ह्या फ्रॅक्चरमध्ये अंगठा वर उचलणारी दोरी हाडावर घासून काही आठवड्यांनी अचानक तुटू शकते, क्वचित होतं, पण एखाद्या दिवशी अंगठ्याचं टोक उचललंच नाही तर लगेच सांगा. तसंच हात फार लाल, गरम, चकचकीत, नुसतं वाऱ्याने आग होणारा झाला तर तेही लगेच, कारण त्या प्रकारच्या दुखण्यात लवकर उपचार सुरू झाले तरच हात वाचतो. देवदयेने माझं दोन्हीपैकी काही झालं नाही. दिवाळीनंतर साधी कापडं कापायला लागले, संक्रांतीच्या आसपास अस्तराचे ब्लाउज. आजही मूठ डाव्या हातापेक्षा कमीच आवळते आणि पावसाळी हवेत मनगट जड होतं, पण ओंजळ सरळ होते.

अजून एक राहिलं आणि हे प्रत्येक पन्नाशीच्या बाईने वाचावं. उभ्याउभ्या पडून मनगट मोडतं तेव्हा दोष फक्त फरशीचा नसतो. डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी, करायला लावला, काही दुखत नाही, झोपून राहायचं फक्त. त्यात टी स्कोर येतो, उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला तर हाडं ठिसूळ. माझा मणक्याचा उणे २.७ आला. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली, आणि दिवसभर मशीनवर घरातच बसणं. रक्तातलं डी जीवनसत्त्वही खूप कमी निघालं. मनगट मोडतं ते पहिलं, मग पाठीचा मणका, मग खुबा, असा क्रम बऱ्याच बायकांत दिसतो म्हणे, आणि खुबा मोडला की म्हातारपण अंथरुणावर जातं. सासूबाईंच्या आईचं तसंच झालेलं. माझ्या ओळखीत मनगट मोडलेल्या ज्या बायका आहेत त्यातल्या एकीलाही कुणी हा स्कॅन सांगितला नव्हता, ह्याचा मला खरंच राग येतो.

आता हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्यातून एकदा ७० मिलीग्रॅमची गोळी घेते, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहा-दुधाबरोबर नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते. डी जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट डॉक्टरांनी जेवढे आठवडे सांगितलं तेवढेच घेतलं, ते मनाने चालू ठेवायचं नसतं, जास्त झालं तरी त्रास होतो. नाचणी, तीळ, दूध रोज. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाते. जिन्याखाली खडबडीत फरशी बसवली. नणंद ५६ वर्षांची आहे, तिला घेऊन पुढच्या आठवड्यात डेक्साला जायचंय.