मुलगी झाली त्या रात्रीचा सिगार

रविवारी माझा दवाखाना बंद असतो. पण त्या सकाळी सातलाच फोन आला. "डॉक्टर, मुलगा रात्रभर बसून आहे हो. लवंग धरली, गोळ्या घेतल्या, काही उपयोग नाही." मी नौपाड्यात पोचले तेव्हा मायलेक शटरसमोर उभे होते.

गुरुवारी मीच त्याची खालची डावी अक्कलदाढ काढली होती. आडवी रुतलेली होती, थोडं हाडही कापावं लागलं, तीन टाके घातले. तिसऱ्या दिवशी ठणका उतरणीला लागायला हवा. याचा वाढून कानात शिरला होता. तोंड उघडताच वास आला, एक टाका ढिला झालेला, आणि जिथे गडद लाल गुठळी असायला हवी तिथे राखाडी, उघडं हाड. ड्राय सॉकेट, म्हणजे रक्ताची गुठळी निघून कोरडा पडलेला खड्डा.

"सिगरेट ओढलीत?"

"एकही नाही, डॉक्टर. शपथ."

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा तो नव्हता. मी पुन्हा विचारलं, "मग दुसरं काही?" तो आईकडे बघायला लागला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याला मुलगी झाली होती. हॉस्पिटलमधून परतल्यावर मेव्हण्याने दुबईहून आणलेला सिगार काढला आणि दोघं गच्चीवर गेले. पाऊण तास. "पण सिगारचा धूर छातीत घेत नाहीत ना? तोंडातच ठेवून सोडतात."

तोंडातच तर जखम होती! गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं पांघरूण. ओढताना तोंडात जी पोकळी होते तिने ती सुटू शकते, वर गरम धूर जखमेवर. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं आणि हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणूनच धूर छातीत न घेताही सिगारची तलफ भागते.

मी दिलेल्या सूचनांच्या कागदावर 'सिगरेट ओढू नये' एवढंच छापलेलं होतं. त्याने ते अक्षरशः पाळलं होतं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

कोमट सलाईनने खड्डा हलक्या हाताने धुतला, औषधाची पट्टी आत बसवली. वास दरवळताच काकू म्हणाल्या, "अहो, ही तर लवंगच!" लवंगेच्या तेलातलं युजेनॉलच ते. काकूंचं औषध बरोबर होतं, फक्त दाताखाली धरलेली लवंग त्या खड्ड्याच्या तळाशी पोचत नव्हती. दहाएक मिनिटांत त्याचे आवळलेले खांदे सैल झाले. खुर्चीतच त्याला झोप लागली, मी उठवलं नाही.

ते गेल्यावर उरलेले सगळे कागद काढून बसले आणि प्रत्येकावर पेनाने लिहिलं: सिगार, विडी, हुक्का, व्हेपसुद्धा नाही. निदान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर. स्ट्रॉने पिणं नाही.

एक दिवसाआड तीन वेळा पट्टी बदलली. तिसऱ्या वेळी हाडावर गुलाबी मांस धरू लागलं होतं. खुर्चीतून उठता उठता त्याने मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला, टोपडं घातलेला.