मंगळावर तेव्हा कोणता महिना होता?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हौसेने मंगळ घेतला. नासाच्या मार्स ओडिसी यानाने मोजलेल्या न्यूट्रॉनचा डेटा फुकट मिळतो. तो उतरवायचा, नकाशा काढायचा आणि जमिनीखाली बर्फ कुठे आहे ते दाखवायचं. दोन महिन्यांत उरकेल म्हटलं, पाच लागले.

तत्त्व सरळ आहे. वैश्विक किरण मातीवर आदळले की न्यूट्रॉन उडतात. वाटेत हायड्रोजन भेटला तर त्यांचा वेग झपाट्याने उतरतो, कारण दोघांचं वस्तुमान जवळपास सारखं. कॅरममध्ये सोंगटीवर सोंगटी नेमकी आपटली की पहिली जागच्या जागी थबकते, तसं. म्हणजे एपिथर्मल (मधल्या वेगाचे) न्यूट्रॉन जिथे कमी, तिथे वरच्या मीटरभरात हायड्रोजन, बहुधा पाण्याचा.

लॅपटॉप जुना, म्हणून मी फेब्रुवारी ते एप्रिल २००२ एवढ्याच फायली घेतल्या. कमी न्यूट्रॉन निळे, जास्त ते लाल. दक्षिण ध्रुवाभोवती झकास निळा पट्टा उमटला. उत्तरेला लालभडक! आठवडाभर मी कोडमध्ये अक्षांशाच्या चिन्हाची चूक शोधली. सापडेना, तेव्हा ‘उत्तरेकडील जमीन कोरडी’ असं लिहून मॅडमकडे गेलो. उत्तर ध्रुवावर पाण्याच्या बर्फाची टोपी आहे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मला तेव्हा आठवलं नाही.

मॅडमनी नकाशा पाहिला. “फेब्रुवारी पृथ्वीवर. मंगळावर तेव्हा कोणता महिना होता रे?”

उत्तर गोलार्धात हिवाळा सरत होता. हिवाळ्यात तिथली हवाच गोठते आणि कार्बन डायऑक्साइडचा थर जमिनीवर साचतो. त्यात हायड्रोजन नाही, त्यामुळे न्यूट्रॉन मंदावत नाहीत आणि खालचा बर्फ झाकला जातो. दक्षिणेत उन्हाळा होता, म्हणून ती बाजू उघडी.

मग तारखा सोडून सौर रेखांशाचा रकाना धरला, म्हणजे मंगळ सूर्याभोवतीच्या फेरीत कुठे आहे ते सांगणारा कोन; तिथले ऋतू त्यावरून कळतात. ९० अंश म्हणजे उत्तरेचा उन्हाळी अयनदिन, तो आला २००२ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीस. नोव्हेंबरपासून पुढचे तीन-चार महिने घेतले आणि लाल ठिगळाच्या जागी गडद निळं आलं. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

पडताळा नासाच्या फिनिक्स यानाने आधीच देऊन ठेवलेला. २५ मे २००८ ला ते ६८ अंश उत्तरेला उतरलं, यांत्रिक हाताने चर खणला आणि चरातले पांढरे खडे चार दिवसांत नाहीसे झाले. मीठ असं उडून जात नाही, आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, त्या उन्हाळ्यात चार दिवस टिकला नसता; तेव्हा तो पाण्याचाच बर्फ.

हिवाळ्याच्या ओळी मी डिलीट करून टाकल्या होत्या. मॅडमनी त्या परत मागितल्या: न्यूट्रॉन किती वाढले यावरून वरचा थर किती जाड ते काढता येतं. फायली पुन्हा उतरवायला एक अख्खी रात्र गेली.