किती व्होल्टला हृदय ऐकतं

पावसच्या आंब्याच्या बागेतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढताना अंधारी यायला लागली, म्हणून रत्नागिरीत ईसीजी काढला. नाडी ३६. कम्प्लीट हार्ट ब्लॉक: वरच्या कप्प्यांतून निघालेला विजेचा संदेश खाली पोचत नव्हता आणि खालचे कप्पे आपल्याच संथ चालीने ओढत होते. पेसमेकर ठरला. आंबा घाटातून कोल्हापूर गाठलं.

भूल फक्त जागेपुरती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. डाव्या हासळीच्या हाडाखाली शिरेतून दोन तारा हृदयात सोडल्या. टेक्निशियन मुलगा आकडे सांगू लागला. "दोन व्होल्ट, कॅप्चर. एक, कॅप्चर." कॅप्चर म्हणजे तारेने टोचलं आणि हृदयाने ठोका दिला. मग म्हणाला, "काका, आता जरा गरगरल्यागत हुईल, घाबरू नका." ०.५ ला ठोका पडलाच नाही. डोकं क्षणभर हलकं झालं, त्याने लगेच व्होल्टेज चढवलं. थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका पडायला लागणारं कमीत कमी व्होल्टेज, ०.६ निघाला.

त्यानंतर त्यांनी चक्क १० व्होल्ट दिले. छातीत आता घण बसणार या तयारीने मी दात आवळले, पण ठोका होता तसाच! डॉक्टर पोटावर हात ठेवून एवढंच बघत होते, की शेजारचं श्वासपटल उडत नाही ना.

हे कोडं मी घरी आल्यावर वाचून सोडवलं. बाऊडिच नावाच्या शास्त्रज्ञाने १८७१ मध्येच बेडकाच्या हृदयावर ते दाखवलं होतं: हृदयाचा स्नायू देईल तर पूर्ण ठोका देईल, नाहीतर काहीच नाही. त्याच्या पेशी एकमेकींशी विजेने जोडलेल्या असतात. सड्यावरच्या वाळल्या गवतासारखंच हे. काडी लहान असो की मोठी, वणवा तेवढाच. आणि जळलेल्या जागी गवत पुन्हा आल्याशिवाय दुसरा पेटत नाही. हृदयात हे 'गवत' यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात कितीही टोचा, उत्तर नाही. हाताच्या स्नायूला लागोपाठ झटके दिले तर तो आखडून बसतो. हृदय तसं आखडत नाही ते या पाव सेकंदामुळेच. मला तर सगळ्या यंत्रापेक्षा हीच गोष्ट जास्त हुशारीची वाटते.

तारेच्या टोकाला सुरुवातीचे काही आठवडे सूज येते आणि थ्रेशोल्ड वाढतो. म्हणून टोकाला स्टेरॉइड असतं, आणि यंत्रही आधी ३.५ व्होल्टवर ठेवलं होतं. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार सरकते. ऐन हंगामात आंबे उतरवायचा झेला गड्यांच्या हातात आणि मी खाली खुर्चीवर बसून सूचना देणार. हिच्या मते त्यात नवीन काही नव्हतं.

तीन महिन्यांनी छातीवर नुसती चकती ठेवून तपासलं. थ्रेशोल्ड ०.७५ ला स्थिरावला होता. अडीचपटीहून थोडं जास्त म्हणून यंत्र २ वर आणलं, बॅटरी तेवढी जास्त पुरेल. मोबाइल आता उजव्या खिशात असतो. फाटकाच्या वेल्डिंगला माणूस आला की मी बागेच्या दुसऱ्या टोकाला कलमं बघायला जातो.