पोटावरचं इंजेक्शन आणि पोटरीचं तेल

खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना घरी आणलं, तेव्हा औषधांच्या पिशवीत एक वेगळं खोकं होतं. आत औषध आधीच भरलेल्या छोट्या सिरिंज. एनोक्सापॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, ४० मिलिग्रॅम, रोज एकदा. माणूस पडून राहिला की पायातलं रक्त संथ होतं आणि शिरेत गाठ धरते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून अशा ऑपरेशननंतर हे औषध बऱ्याचदा ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. डोस मात्र डॉक्टरच ठरवतात. किडनी कमजोर असेल तर तो कमी करावा लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून आपला डोस ठरवू नये.

आमच्या यावल तालुक्यात जळगावहून पेशंट घरी आला की अख्खी गल्ली बघायला येते. प्रत्येकाच्या मनात माया असते आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. हे लिहायला बसले ते त्या उपायांमुळेच.

इंजेक्शन देणं अवघड नाही. दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्या हातून करून घेतलं. हात साबणाने धुवायचे. पेशंटला आडवं किंवा टेकून बसवायचं. बेंबीपासून चार बोटं तरी लांब, पोटाच्या बाजूला जागा धरायची. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो, तो काढायचा नाही. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर बुडबुडा काढताना औषधाचा थेंब जातो आणि डोस कमी पडतो. कातडीची जाड घडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची, दांडा सावकाश शेवटपर्यंत दाबायचा. सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही.

आणि मग चोळायचं नाही! सासूबाई रोज म्हणायच्या, "जरासं चोयी दे ना माय." आपल्याला लहानपणापासून टोचल्यावर चोळायची सवय. इथे चोळलं की आत रक्त पसरतं आणि जांभळा डाग मोठा होतो. कापूस नुसता टेकवून ठेवायचा. रुपयाएवढे डाग पडले तर घाबरू नका.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. खोक्यावर २५ अंशांच्या खाली ठेवा, गोठवू नका असं लिहिलेलं, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास. धाब्याचं घर गार असतं, पण इतकं नाही. मेडिकलवाल्यांना विचारून आम्ही खोकं फ्रिजच्या दारात ठेवलं, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. तुमच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि विचारा.

आता ते उपाय. एका मावशींनी कोमट तेल आणलं, पोटरी रगडायला. पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल, त्यातही एकाच पायाची, तर आत गाठ असू शकते आणि रगडल्याने ती सुटू शकते. मी तेलाची वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि त्यांना चहा दिला. त्या जरा रुसल्या. रुसू देत. अशी सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. एकदम धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न बघता १०८ ला फोन.

दुसरा उपाय गोळीचा. अंग दुखलं की डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन, प्रत्येकाच्या डब्यात असतातच. या औषधासोबत त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲस्पिरिनचंही तेच. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी. गावातल्या डॉक्टरांकडून कमरेत "एक सुई" घेणंही नको, मांसात रक्त साकळतं. झाडपाल्याचा काढा विचारल्याशिवाय नको.

शी काळी डांबरासारखी झाली, लघवी लाल झाली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त थांबेना, तर लगेच दवाखाना. पेशंट पडून डोक्याला मार लागला तर वरून जखम नसली तरी न्यायचंच. डॉक्टरांनी प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, बघायला रक्त तपासायला सांगितलं असेल तर "बरं वाटतंय" म्हणून टाळू नका. या औषधाने क्वचित प्लेटलेट घसरतात आणि तेव्हा उलट गाठी होतात. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, फोन करून विचारा.

वापरलेल्या सुया मी जाड प्लास्टिकच्या बरणीत, झाकण लावून ठेवायचे आणि तपासणीला जाताना दवाखान्यात द्यायचे. घंटागाडीवरच्या माणसाचा हात त्या कचऱ्यात जातो.

सासूबाईंच्या बटव्यात एक कागद ठेवला होता: औषधाचं नाव, डोस, शेवटचं इंजेक्शन किती वाजता. दात काढायचा असो, दुसरं ऑपरेशन असो, पाठीत भूल द्यायची असो, समोरच्या डॉक्टरांना ती वेळ कळायलाच हवी. पाठीतल्या भुलेआधी या डोसनंतर किमान १२ तास जाऊ देतात. बटवा सासूबाईंच्या कमरेला कायम असतो, म्हणून कागद तिथेच ठेवला.