सासवडला उतरलो

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्यामुळे लग्नानंतरच्या सत्तावीस वर्षांत मी सासवडवरून पन्नासेक वेळा तरी गेले असेन, पण सासवड पाहिलं असं म्हणायची सोय नव्हती. गाडी रस्त्याकडेला थांबायची. पुरुष चहा प्यायचे, आम्ही बायका बाथरूम शोधायचो, दिवे घाटाच्या वळणांनी ज्या पोरांना मळमळलं असेल त्यांना आवळासुपारी द्यायची आणि निघायचं.

यंदा जानेवारीत सासूबाईंनीच विषय काढला. "मला सोपानकाकांकडे जायचंय. जेजुरीला जाताजाता नाही हं. नुसतं सोपानकाकांकडे."

आईंचं वय ७९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. पण १९९६ साली त्या माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून चालत निघाल्या होत्या. पुणे झालं, दिवे घाट चढल्या, सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो तो केला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंगात एकशे दोन ताप. मामंजी जाऊन घेऊन आले. त्यांची वारी सासवडला थांबली ती तिथेच. याविषयी त्या कधी बोलत नाहीत, फक्त आषाढीला टीव्ही लावत नाहीत.

तर एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी हडपसरहून बसने निघालो. मुलाने गाडी करून द्यायची तयारी दाखवली होती, पण आईंना बसच हवी होती. घाटात रुंदीकरणाचं काम चालू, डोंगराची लाल-काळी कापलेली बाजू उघडी पडलेली. खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसला तशी मी दाखवायला बोट केलं. आईंचं लक्ष रस्त्याच्या कडेला. "इथे बसलो होतो आम्ही. नाही, इथे नाही. पुढे."

सोपानदेवांचं मंदिर कऱ्हेच्या काठी आहे, आवारातच नागेश्वराचं जुनं देऊळ. शनिवार असूनही गर्दी नव्हती. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबांनी समाधी घेतली आणि बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, शके १२१८ मध्ये, धाकट्या भावाने इथे. म्हणजे इसवी सन १२९६. विशीच्या आसपासची ही पोरं. एकाला सगळा महाराष्ट्र माऊली म्हणतो आणि त्याच्याहून लहान असलेल्याला काका. मी हे आईंना म्हटलं तर त्या हसल्या. "मी पणजी व्हायला आले, तरी ते काकाच." मग बराच वेळ खांबाला टेकून बसून राहिल्या. मीही बसले. फोन पर्समध्येच ठेवला, एवढं पुण्य मला मिळायला हरकत नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मनातलं सांगितलं. त्यांना ते घर शोधायचं होतं, जिथे त्या दोन रात्री राहिल्या. खूण काय? दारात तुळशीवृंदावन, बाजूला हापसा, आणि घरच्या बाईने पाय शेकायला मिठाचं गरम पाणी दिलं होतं. आडनाव आठवत नाही. मी कपाळाला हात लावला. तीस वर्षांत सासवडची नगरपालिका हापसा ठेवेल का! तरी दोन बोळ फिरलो. एका मोबाइल रिचार्जच्या दुकानासमोर आई थबकल्या, म्हणाल्या, "असेलही, नसेलही." दुकानातल्या मुलाने काही न विचारता स्टूल बाहेर आणून ठेवलं. पाणी दिलं, गार. घर शोधणं तिथेच संपलं.

तिथून पुरंदऱ्यांचा वाडा. खाली दगड, वर वीट, कोपऱ्यांना बुरूज, मोठा दरवाजा. मी सदाशिव पेठेत वाढलेली, मला पहिल्याच नजरेत वाटलं, हा तर शनिवारवाडा. मग माझ्या पेठी डोक्यात गणित सुरू झालं. बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. देशावर आल्यावर त्यांना आधार मिळाला तो सासवडच्या अंबाजीपंत पुरंदऱ्यांचा. १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळालं. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्याच वेळी येसूबाईंची कैदेतून सुटका झाली. नि पुढच्या वर्षी, एप्रिल १७२० मध्ये, इथेच सासवडला ते वारले. बाजीरावांचं वय तेव्हा विशीच्या आत. त्यांनीही मुक्काम पुण्याला हलवला तो १७२८ च्या सुमारास, आणि शनिवारवाडा बांधायला घेतला १७३० मध्ये. म्हणजे पेशवाईचं बिऱ्हाड आधी सासवडात होतं आणि आमचं पुणं ही नंतरची बदली. हे मी शाळेत सनावळीसकट पाठ केलं होतं, पण 'सासवड' या शब्दावर बोट कधी थांबलं नव्हतं.

पहिल्या पेशव्यांची समाधी गावातच आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे दोघीच होतो. पुण्यात त्यांच्या वंशजांच्या नावाने रस्ते, पूल, उद्यानं, आणि ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं त्यांच्यापाशी शनिवारी दुपारी एक मांजर. आईंनी पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. त्या कुठल्याही समाधीला करतात.

जेवायला पिठलं-भाकरी आणि खर्डा. खर्डा आईंनी मागून घेतला, ॲसिडिटीच्या गोळ्या मी.

संगमेश्वराला जायचं की नाही यावर थोडी कुरबुर झाली, कारण पायऱ्या. शेवटी रिक्षा केली. कऱ्हा आणि चांबळी जिथे मिळतात तिथे उंच चौथऱ्यावर हे देऊळ आहे. आई खाली सावलीत बसल्या, मी एकटीच वर गेले. दगडी मंडप, मोठा नंदी, शिखरावर चुन्यातलं नक्षीकाम. पायाला दगड गार लागतो, बाहेर ऊन असूनही. वरून नदीकडे पाहिलं आणि वाईट वाटलं. जानेवारीतच पाणी तुटक झालेलं, मधे हिरवट डबकी. ब्रह्मदेवाचा कऱ्हा, म्हणजे कमंडलू, पांडवांनी कलंडवला आणि त्यातून ही नदी झाली अशी कथा आहे. जवळच्या कोडीतला जन्मलेल्या अत्र्यांनी तर आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असंच नाव दिलं. आता त्या नावातच जास्त पाणी आहे.

चांगा वटेश्वराचं देऊळ गावाबाहेर नारायणपूरच्या रस्त्याला आहे, ते राहिलं. आईंचा गुडघा "आता पुरे" म्हणाला. खरं तर माझाही.

स्टँडकडे येताना अंजिरांच्या पाट्या दिसल्या. पुरंदरचं अंजीर, खट्टा बहाराचं, पानांवर रचलेलं. खट्टा नावालाच, चव गोडच. विकणाऱ्या मावशींनी आधी एक फोडून आईंच्या हातात दिलं, मग भाव सांगितला. असा भाव कमी करून मागायला जीभ रेटत नाही. किलोभर घेतली. बसमध्ये पिशवी मांडीवर सांभाळूनही घाटात तळाची पाच-सहा चेपलीच.

घाट उतरताना आई म्हणाल्या, "ते दुकान नव्हतं गं. ते घर नदीच्या अंगाला होतं." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? "त्या पोराने स्टूल आणलं ना."

सोसायटीच्या दारात शेजारच्या काकू भेटल्या. आमच्या हातातली पिशवी आणि दमलेली तोंडं बघून त्यांनी सवयीने हात पुढे केला. "जेजुरीहून ना? द्या, भंडारा द्या."

"सासवडहून," आई म्हणाल्या, आणि त्यांच्या तळव्यावर एक न चेपलेलं अंजीर ठेवलं.